काका म्हण

काका,

तुमच्या दहाव्याला कावळा पहिल्याच फेरीत शिवला. भटजी पिंड ठेवून दोन पावलं मागे सरकतात न सरकतात तोच पलीकडच्या उंबरावरून एक खाली आला, इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही, चोच मारली आणि गेला. "सुटले नाना," कुणीतरी बोललं. लोकांनी हात जोडले आणि चपला शोधायला लागले. सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र तेव्हापासून चैन नाही. चार दिवस झाले. महाडला येऊन स्टुडिओचं शटर उघडतो, कॉम्प्युटर लावतो, तुमचा चेहरा समोर येतो, बंद करतो. काल दोनदा पोलादपूरला गेलो आणि दोन्ही वेळा तुमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवली. आत जाऊन काय करणार होतो? काकूंनी चहा ठेवला असता आणि मी तो प्यायलो असतो.

मी नदीवर तयारीने आलो होतो, म्हणून ही चिडचिड. कावळा अडून बसतो, मग घरची माणसं एकेक करून पुढे होतात, हात जोडून गेलेल्याचं जे राहिलं असेल ते बोलतात. म्हशीला अंतर देणार नाय, धाकटीचं लग्न करू. मला वाटलं, तुमचा कावळा तासभर तरी बसणार. पुतण्या बोलेल, तुमची वैशू बोलेल, भावकी बोलेल आणि तरी तो हलणार नाही, कारण तुमचं अडलेलं एकच होतं आणि ते माझ्याकडे होतं. मग मी मागून पुढे होणार होतो आणि सगळ्या गावादेखत बोलून टाकणार होतो. सोळा वर्षांचं एक वाक्य तोंडात धरून मी त्या पायऱ्यांवर उभा होतो, आणि तुमच्या त्या कावळ्याने मला तोंड उघडू दिलं नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलोय.

आणि उभा होतो तोही कोण म्हणून? शेजारच्या एकाने विचारलंच, "तुम्ही नानांचे कोण?" मी म्हणालो, "ओळखीचा." दुसरं काय सांगू? बारावीत असताना ह्यांच्या पोरीवर माझं प्रेम होतं आणि हे माझ्यावर पाळत ठेवून होते, असं सांगू? ह्या नात्याला सुतक नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी मी एका साखरपुड्याचं शूटिंग केलं, हसा हसा म्हणून लोकांना सांगत होतो. करायला नको होतं, पण कोणत्या नात्याने नाही म्हणणार?

नात्यावरून आठवलं. आपली पहिली भेट महाड स्टँडवर, पाचाडच्या फलाटाशी. तुम्ही कंडक्टरची ड्युटी संपवून तिकिटांची पेटी काखेत मारून येत होतात. वैशूने धीर करून ओळख करून दिली, "बाबा, हा संतोष, माझ्या वर्गातला, दासगावचा." मी आपला संस्कारी पोरासारखा वाकलो आणि म्हणालो, "नमस्कार मामा." तुम्ही पेटी खाली ठेवलीत.

"मामा कुणाचा रे?"

"नाही, म्हणजे..."

"मामाची पोरगी मागायला येते, म्हायती हाय मला. काका म्हण."

"हो."

"म्हण."

"काका."

"हां. आता ती तुझी भैन लागते. जा वर्गात."

वैशूने ओढणीत तोंड खुपसलं होतं, हसत होती की रडत होती कुणास ठाऊक. फलाटावरच्या चार जणांनी ऐकलं आणि दुपारपर्यंत कॉलेजभर झालं. पुढे वर्षभर पोरं मला बघितलं की ओरडायची, काय रे, भैन आली नाय आज?

आणि ती तुमची फौज! पोलादपूरच्या गाडीवरचा, मुक्कामाच्या गाडीवरचा, चौकशीच्या खिडकीतला, सगळे तुमचे. वैशूशेजारी कोण बसला हे तुम्हाला संध्याकाळी सीट नंबरासकट कळायचं. गाडी कितीही चेंगरलेली असो, वैशूच्या बाजूची जागा रिकामी. एकदा एक म्हातारा बसला तर तुमच्या माणसाने त्यालाही गाव विचारलं, आणि मुलं किती, लग्नं झाली का, तेही विचारलं. हे सगळं मी पुढे काढलेल्या पिक्चरमध्ये घातलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हाताऱ्याचं काढ, ते जास्ती होतंय." पण ते खरंच झालं होतं, काका.

थांबा, आधी घाटाचं सांगायला हवं.

बारावीच्या परीक्षेआधीची गोष्ट. तुमची त्या दिवशी दुसरीकडे ड्युटी होती, म्हणून आम्ही धाडस केलं. महाडहून वेगवेगळ्या गाड्यांनी पोलादपूरला आलो आणि तिथे आंबेनळीतून महाबळेश्वरला जाणारी गाडी पकडली. आमच्या मते कुणाला पत्ता नव्हता. ड्रायव्हर बाबूदादा. चढल्या चढल्या त्यांनी वैशूला आपल्या मागच्या सीटवर बसवलं, "घाट लागतो पोरींना, पुढं बस गो." मला पार मागच्या दारापाशी. मधे अकरा रांगा. वर पोचलो तर म्हणाले, "पाऊण तासानं सुटंल, ह्याच गाडीनं खाली यायचं, दुसरी गाडी नाय." आम्ही टपरीवर भजी खाल्ली, तर हा माणूस चहाचा ग्लास घेऊन तीन हातांवर उभा. वैशू वैतागून म्हणाली, ह्यांना काही काम नाही का. पहिल्यांदाच मिळालेला तो पाऊण तास, आणि त्यात मी तिच्याशी परीक्षेच्या टाइमटेबलवर बोललो.

उतरताना मला घाट लागला. पोरींना लागतो म्हणे. तीन वळणांत सगळी भजी बाहेर. बाबूदादांनी गाडी कडेला घेतली, पाणी दिलं, आणि थोड्या वेळाने डब्यातलं अर्धं लिंबू आणून हातात ठेवलं, "हुंग." वैशू पुढच्या सीटवरून मागे बघत होती आणि तिचं हसू आवरत नव्हतं. असा आमचा प्रेमाचा प्रवास.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला स्टँडवर गाठलंत. दप्तराचा पट्टा धरलात, जोरात नाही.

"काल कुठं होतास?"

"घरी. आईला ताप होता."

"वर गेला होतास का?"

"नाय."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही. मग म्हणालात, "बरं," आणि पट्टा सोडलात. मला वाटलं, जिंकलो. एवढा महाडभर जाळं टाकून बसलेला माणूस आणि आपण त्याच्या नाकाखालून वर जाऊन आलो! पोरांना वडापाव खिलवला मी त्या आनंदात.

पुढे काही घडलं नाही. वैशू नर्सिंगला पुण्याला गेली, मी कॅमेरा घेतला, फोन महिन्याचे झाले, मग सणासुदीचे. कुणी तोडलं नाही आणि तुटलं. पण मला कुणावर तरी राग काढायचा होता, आणि तुम्ही समोर होतात. वर्षानुवर्षं मी मित्रांना तुमच्या नकला करून दाखवल्या. काका म्हण. हां. आता ती तुझी भैन लागते. लोक पोट धरून हसायचे. लग्नांचे व्हिडिओ करून कंटाळलो तेव्हा त्याच नकलेचा तासाभराचा पिक्चर लिहिला. बाप कंडक्टर, पोरगी बारावीत, पोरगा बावळट. विनोदी म्हणून सांगत होतो सगळ्यांना, पण सूडच होता तो. तुमच्याच पिक्चरबद्दल तुम्हाला हे कधी सांगितलं नाही.

बापाचं काम पोलादपूरच्या एका मास्तरांना दिलं होतं. पहिल्या रविवारी शूटिंगला आलो तर तुम्ही आधीच हजर. रिटायर होऊन दोन वर्षं झालेली, तरी खाकीला कडक इस्त्री.

"माझी नक्कल करतोयस ऐकलं."

मी लेन्स पुसायला लागलो.

"मग ती दुसऱ्याकडनं कशाला?"

मास्तरांनी निमूट कागद तुमच्या हातात दिले. त्यांना पाठांतराचा कंटाळाच होता.

ते आठ रविवार, काका! एका गॅरेजच्या आवारात भंगारातली गाडी उभी होती, तिला पुढची चाकं नव्हती. चौघं जण खालून फळ्या लावून ती हलवायचे आणि तुम्ही आत तोल सांभाळत तिकिटं फाडायचात. मधेच खिडकीतून डोकं काढून खालच्यांना झापायचात, "हा आंबेनळी हाय काय? हा दासगावचा सरळ रस्ता झाला. वळण डावीकडं हाय, डावीकडनं उचला." कंडक्टर दांड्याला धरून उभा राहत नाही, कंबर सीटला टेकवतो, हे तुम्ही मला दाखवलंत. ओंकार, माझं काम करणारा पोरगा, तुम्हाला पहिल्या दिवशी घाबरून मामा म्हणाला. मला वाटलं, आता काका म्हण येणार. तुम्ही त्याला नुसतं म्हणालात, "डायलॉग पाठ कर." मला तेव्हा हेवा वाटला, खोटं नाही सांगत. मी पस्तिशीला टेकलेला माणूस, आणि त्या पोराचा हेवा.

भांडलो पण किती आपण! तुमचं एकच पालुपद. "पिक्चरमधला बाप येडा दाखवलास तू."

"काका, विनोदी पिक्चर आहे. पोरं त्याला फसवतात, लोक हसतात."

"बाप येडा नसतो. त्याला कळत असतं, तो गप असतो."

"मग विनोद कुठे राहिला?"

"त्याच्यातच हाय."

मला पटलं नाही. म्हातारा स्वतःची इज्जत वाचवतोय, असं वाटलं. दर रविवारी तेच भांडण, चहाच्या टपरीवर, आणि दर रविवारी मी म्हणायचो, एडिटिंगला बघू.

आणि मग तो सीन. स्टँडवर बाप पोराला विचारतो, वर गेला होतास का? मी तो अक्षर न अक्षर जसा झाला तसा लिहिला होता. तुम्ही कागद वाचलात, घडी केलीत, खिशात ठेवलीत. अकरा टेक झाले. दर वेळी ओंकारला विचारता विचारता तुमची नजर त्याच्या खांद्यावरून सुटायची आणि कॅमेऱ्यामागे माझ्यावर यायची. मी ओरडायचो, "काका, कॅमेऱ्यात नको, पोराकडे बघा." तुम्ही म्हणायचात, "पोराकडंच बघतोय." लोक हसले. मीही हसलो. मग मी कॅमेरा हातातून काढून ट्रायपॉडला लावला, तो का, हे तुम्हाला दिसलं असणार.

मग टपरीवर तुम्ही बशीत चहा ओतलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "पिक्चरमधला पोरगा खोटं बोलतो. बरोबर?"

"बरोबर."

"आणि तू?"

एक शब्द होता, काका. समोर चहा होता, तुम्ही होतात, आजूबाजूला कुणी नव्हतं. वैशूची मुलगी पहिलीला गेलेली, माझंही घरदार, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. आणि मी काय म्हणालो? "पिक्चर होऊ दे, मग सांगतो."

"बरं," तुम्ही म्हणालात. तेच ते बरं.

उठताना तुम्ही आणखी एक बोललात. "संत्या, आता मामा बोललास तरी चालंल. आता कसला धोका." आणि माझ्यातला तो बारावीतला पोरगा, ज्याला फलाटावर चार लोकांदेखत भैन मिळाली होती, तो फुरंगटून म्हणाला, "काकाच बरं आहे. सवय झालीय." तुम्ही छत्री उघडलीत आणि रस्ता ओलांडलात. तीन आठवड्यांनी सकाळी वैशूचा फोन आला. "बाबा," एवढंच म्हणाली, आणि मला कळलं.

हे सगळं घेऊन मी नदीवर उभा होतो आणि कावळा फटकन शिवला. माणसं पांगली. वैशू काकूंना धरून गाडीकडे गेली, जाताना माझ्या खांद्याला हात लावून गेली. मी तिथेच. तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत आला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"तुला वळाखला मी. वर भजी खाल्लीस आन उतरताना ओकलास. तूच तो."

बाबूदादा. केस गेलेले, पण आवाज तोच. सोळा वर्षांनी साक्षीदार, आणि तोही तुमच्या दहाव्याला.

"दादा," मी म्हणालो, "काकांना हे कधी कळलं नाही. मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो."

"कळलं नाय?" ते हसले, दात नसलेलं. "अरे, गाडी पोलादपूर स्टँडात लागायच्या आधी नानाचा फोन. बोलला, दोघं चढतील, उतरवू नको. उतरवलंस तर कुणाच्या मोटारसायकलवर जातील, आन त्या घाटात मोटारसायकल नको. तुझ्या गाडीत हायेत तवर माझ्या गाडीत हायेत. वर ने, चा पिऊ दे, खाली आण."

मी पायरीवर बसलो.

"वरनं मी फोन केला, पोरगा भजी खातोय. नाना बोलला, खाऊ दे. खाली येताना गाडी कडेला घेतली तवा परत केला, पोरगा ओकला. तर बोलला, माझ्या वैशूला पण लागतो घाट, तुझ्या डब्यात लिंबू असंल, त्याला हुंगायला दे."

"मग दुसऱ्या दिवशी मला विचारलं कशाला?"

"मी पण तेच बोललो. बोलला, बघू, बोलतो का. तू नाय बोललास. मी बोललो नानाला, दोन ठेवून द्यायच्या होत्यास. तर बोलला, मारल्यावर कुणी पण खरं बोलंल. हा बोलंल आपसूक." बाबूदादांनी काठी बदलली. "आम्ही भेटलो की मी विचारायचो, नाना, बोलला का रे तो? बोलायचा, नाय अजून. ह्या मे महिन्यात भेटलो, तवा पण तेच. नाय अजून. पण पिक्चर काढतोय, बोलला, जवळ आलाय."

मी तिथे रडलो, काका. दहाव्याला घरच्यांनी रडायचं असतं, मी ओळखीचा, तरी रडलो. बाबूदादा उभे राहिले बाजूला, चहाचा ग्लास तेवढा नव्हता हातात.

तेव्हापासून माझं मन एका जागी ठरत नाही. कधी तुमचा राग येतो, सोळा वर्षं माणूस असा गप कसा बसू शकतो! एकदा कान धरून सांगितलं असतंत, चल रे गधड्या, ठाऊक आहे मला, तर काय बिघडलं असतं? कधी स्वतःचीच लाज वाटते. ज्या माणसाने माझ्या ओकारीवर लिंबू पाठवलं, त्याच्या नकला करून मी टाळ्या घेतल्या. आणि मधेच, गाडी चालवताना, एकदम हसू फुटतं, की आमचं ते महाडच्या इतिहासातलं धाडस म्हणजे तुमच्याच ड्युटीवरची एक फेरी होती. भांडण तुम्ही जिंकलात. बाप येडा नव्हता, आणि विनोद त्याच्यातच होता. हे तुम्हाला टपरीवर सांगून तुमचं तोंड बघायला मिळालं असतं, तर मी काहीही दिलं असतं.

कावळ्याचंही आता कळलं. तुमचं काही अडलेलंच नव्हतं. अडलं होतं ते माझं.

आज सकाळी शटर उघडलं आणि पुन्हा बंद केलं नाही. मी पिक्चरसाठी दुसरा टेक निवडला होता, त्यात तुम्ही सगळ्यात कमी वेळ इकडे बघता. तो काढला. अकरावा लावला. त्यात तुम्ही ओंकारचं दप्तर धरलंय, पण त्याच्याकडे बघतच नाही, सरळ माझ्याकडे बघताय. वर गेला होतास का? ओंकार म्हणतो, नाय. तुम्ही माझ्याकडे बघतच राहता, आणि म्हणता, बरं. पिक्चर आता तिथेच संपतो. वैशूला फोन करून विचारलं, चालेल का. ती म्हणाली, "त्यांना सांगितलंस का आधी?"

म्हणून सांगतो. आईला ताप नव्हता. देवाची शपथ खोटी होती. आम्ही दोघं वर गेलो होतो. तिच्या हाताला हात लागला नाही, तुमच्या बाबूदादांनी लागू दिला नाही. भजी खाल्ली, टाइमटेबलवर बोललो, तिसऱ्या वळणाला ओकलो, तुम्ही पाठवलेलं लिंबू हुंगलं आणि तुमच्या गाडीतून सुखरूप घरी आलो.

गेलो होतो, मामा.